पहिला लेप

“मग माझ्या लेपात खोट कुठे आहे, तेवढं तरी सांगा ना गुरुजी!”

हेमराजचा आवाज चढला. संत्र्याच्या बागेत दोन क्रेट उघडे पडले होते. पलीकडे बाजेवर नथ्थूजी बसले होते.



हेमराज याच बागेत त्यांच्या हाताखाली कलमं बांधायला शिकला, मग शहरात जाऊन डॉक्टर होऊन आला. फळांचा डॉक्टर. कोरफडीच्या गरात ओव्याचं तेल घालून त्याने एक लेप तयार केला होता. फळावर चढवला की बुरशी फिरकत नाही, आणि पोटात गेला तरी बाधत नाही, असं तो छातीठोकपणे सांगे. उद्या तोडणी होती. माल वीस दिवसांच्या वाटेने दूरच्या बाजाराला निघणार होता. गावचे बागायतदार मात्र एकच म्हणत होते... नथ्थूजी हो म्हणाले, तरच लेप.

एकवीस दिवसांपूर्वी नथ्थूजींनी अट घातली होती. झाड एकच. एक क्रेट तू तोड, एक मी तोडतो. तुझ्या फळांना लेप लाव, माझी तशीच राहू दे.

आज क्रेट उघडले. नथ्थूजींची फळं सुकली होती, सालींना सुरकुत्या पडल्या होत्या. पण नासलं होतं एकच. हेमराजची फळं कालच उतरवल्यासारखी तुकतुकीत. त्यातली अकरा हिरव्या बुरशीने भरलेली.

“लेप पातळ पडला असेल,” हेमराज म्हणाला.

नथ्थूजींनी क्रेट जवळ ओढला.

“ओव्याचं तेल वाढवतो. दुप्पट करतो.”

“मंग खाणाऱ्याले संत्रा लागन का ओवा?”

हेमराज हसला नाही.

“फळं पाह्यले का नीट?”

“सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलीत, गुरुजी. बुरशीचं नावगावही सांगतो.”

“नाव राहू दे. हात दे.”

नथ्थूजींनी नुकतीच बुरशी धरलेलं एक फळ उचललं. देठाजवळ चंद्रकोरीसारखी बारीक खाच होती. ती हेमराजला दिसली नव्हती असं नाही; किडीची म्हणून त्याने वहीत लिहूनही ठेवली होती. नथ्थूजींनी त्याचा अंगठा धरला आणि त्या खाचेवर टेकवला.

नख खाचेत नेमकं बसलं.

दुसरं फळ. तिथेही बसलं.

तिसऱ्याला हेमराजने हात मागे घेतला...

तोडणीच्या सकाळी बांधावर सुभद्रामाय उभी असायची. नथ्थूजींची बायको. हातात लाल दोरा बांधलेलं नेलकटर. आधी तिच्यापुढे हात धरायचा, मगच झाडाखाली जायचं. “शाळेची तपासणी आहे का माय?” असं विचारून हेमराजने तेव्हा सगळ्या तोडणाऱ्यांना हसवलं होतं.

“हाव. अन् तू नापास,” असं म्हणत तिने त्याचा अंगठा ओढून घेतला होता.

गेल्या पोळ्याला माय गेली. हेमराज तेरवीला आला होता. जेवणं आटोपल्यावर नथ्थूजींना लेपाची बाटली दाखवून गेला होता.

यंदा हे दोन क्रेट भरताना बांधावर कोणी उभं नव्हतं. नथ्थूजींनी आपली नखं आपणच काढली होती.

“गुरुजी...” हेमराजचा आवाज खाली आला. “मग लेप नको म्हणता?”

“काऊन नको? माहे फळं पाह्य, म्हातारे झाले. तुहे अजून तरणे हायेत.”

“म्हणजे लावू?”

नथ्थूजींनी बंडीच्या खिशातून नेलकटर काढलं. त्याला तोच लाल दोरा बांधलेला होता. ते हेमराजच्या तळहातावर ठेवून त्यांनी त्याची मूठ मिटली. बराच वेळ ती तशीच धरून ठेवली.

“उद्या बांधावर तू उभा राह्य, बाप्पा... तुहा लेप दुसरा लावजो. पयला तिचा.”