दारावरचे भोवरे

“हात कुणाचा?” उस्तादांनी विचारलं.

शाल्मलीनं विचारलं होतं, गाडीवरचे हे बारीक गोल ओरखडे जातील का. त्याला हे काही उत्तर नव्हतं.

“गाडी माझ्या नवऱ्याची आहे.”

“गाडी कुणाची ते नाही विचारलं, बेटी. रोज पुसायचं कोण हिला?”

मिरजेत, दर्ग्याच्या मागच्या अंगाला, नूरमहंमद उस्तादांची पत्र्याची शेड होती. घराणं सतारींना पॉलिश करणाऱ्यांचं. सतारी कमी झाल्या आणि गाड्या वाढल्या, तसे ते हात गाड्यांकडे वळले. भिंतीवर एक जुनी सतार मात्र अजून होती, आणि आढ्याला सतारीसाठी वाळत टांगलेले भोपळे. आत आल्यापासून शाल्मलीला ते भोपळे आवडले नव्हते. कान देऊन ऐकत असल्यासारखे वाटत होते.

“पुसायची ती... नाही आता.”

उस्तादांनी मान वर केली.

“वारली. त्याची पहिली बायको. पद्मजा.”

लग्न झाल्यापासून हे नाव तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं. घरात ते कुणीच घेत नसे. इतकं घेत नसे, की सतत कानावर असे.

उस्तादांनी दाराचा ताडपत्रीचा पडदा ओढून घेतला. भरदुपारी शेडमध्ये अंधार झाला. त्यांनी बॅटरी लावली आणि काळ्याभोर गाडीच्या ड्रायव्हरच्या दारावर उजेड धरला.

उजेडाभोवती जाळं उमटलं. गोलात गोल, केसासारखे बारीक. मधोमध बॅटरीचा पांढरा ठिपका, बुबुळासारखा.

“भोवरे म्हणतो आम्ही यांना.”

शाल्मलीला हसू येणार होतं. नवऱ्याच्या, निरंजनच्या, डोक्यावर दोन भोवरे आहेत. लग्नात सासूबाई पाहुण्यांना कौतुकानं सांगत होत्या, “दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, मी तर बारशालाच म्हटलं होतं!” जसं काही पद्मजा त्या भोवऱ्यांचा मान राखायलाच गेली.

ती एक पाऊल डावीकडे सरकली.

दारावरचा भोवरा सरकला.

ती मागे आली. तोही मागे आला.

“चाचा, बॅटरी हलवू नका ना.”

“मी कुठं हलवतोय?”

“मग हे माझ्याबरोबर का फिरतंय?”

“ओरखडे सगळ्या दिशांना गेलेत. आडवे, उभे, तिरके. त्यातले गोल बसणारे तेवढेच उजेडात चमकतात. तू जिथून बघशील तिथून.”

“म्हणजे भोवरा नाहीच?”

“बघणारं कुणी असलं, की असतो.”

कुठंतरी पत्र्यावर कबुतराची नखं वाजली. शाल्मलीनं पदर उगीचच सारखा केला.

उस्तादांनी उजेड हळूहळू टपावर नेला, मग बॉनेटवर.

“उंचीनं लहान होती. टपाच्या मधोमध हात पोचलेला नाही. कोरडंच फडकं मारायची, पाण्याशिवाय. गाडी काय पापड आहे, कोरडी झटकायला? धूळच घासली गेली सगळी.” उजेड पुन्हा दारावर आला. “आणि इथं... इथं रेंगाळायची.”

शाल्मलीला हे माहीत होतं.

सकाळी पोर्चमध्ये ऊन येतं आणि दारावर ते जाळं पेटतं. सासूबाई चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभ्या राहतात आणि सुनेकडे न बघता दाराकडे बघतात. निरंजन किल्ली घेऊन येतो. दार उघडण्याआधी क्षणभर तिथं पंजा टेकवतो. मग वळून शाल्मलीला म्हणतो, “येतो गं.” हात तोवर दारावरच असतो.

“त्याला कळतही नसेल,” ती म्हणाली. “मला कळतं.”

“मग माझ्याकडे सोडून जा गाडी. परवा ने.”

“नको. दुसऱ्यानं काढले तर काय उपयोग? माझ्या हातानं जायला हवेत. मला शिकवा.”

निरंजन बँकेच्या ट्रेनिंगला पुण्याला गेला होता. सासूबाईंना तिनं सांगितलं होतं, मिरजेला मावशीकडे चालले. डिकीत पॉलिशचं नवंकोरं मशीन होतं, खोक्यासकट.

“कधी केलंयस आधी?”

“व्हिडिओ बघितलेत. भरपूर.”

“तहान लागली की पाणी पण मोबाईलमध्येच बघतेस का?”

आता मात्र ती हसली. उस्तादही हसले. तेवढ्यापुरती शेड साधी शेड झाली.

त्यांनी तिच्याकडून गाडी धुऊन घेतली. वरून खाली, साबणाच्या पाण्यानं, बोटाला खडा लागेनासा होईपर्यंत. मग मऊ कापडानं टिपून घेतली.

“आता मागच्या बंपरच्या खाली सुरू कर. नवशिक्यानं कोपऱ्यात शिकावं. चुकलं तर कुणाला दिसत नाही.”

“इथं.” शाल्मलीनं ड्रायव्हरच्या दारावर बोट ठेवलं. बरोबर जिथं निरंजनचा पंजा टेकतो, तिथं.

“बेटी, रंगावरचा पारदर्शक थर कागदाएवढा असतो. गेला की गेला. आतला रंग उघडा पडतो.”

“इथंच, चाचा.”

उस्तादांनी तिच्याकडे बघितलं. मग पॅडवर मलमासारखा पॉलिशचा ठिपका घातला.

“आधी टेकव, मग चालू कर. दाबू नकोस. एका जागी थांबू नकोस. थांबलीस की रंग तापतो.”

मशीन सुरू झालं आणि भिंतीवरची सतार गुणगुणू लागली.

शाल्मली दचकली.

“तरफेच्या तारा आहेत,” उस्ताद म्हणाले. “त्यांना हात लावावा लागत नाही, नुसत्या आवाजानं वाजतात. तू हात चालव.”

ती हात चालवत राहिली. आडवा, मग उभा, मग पुन्हा आडवा. मनगट भरून आलं. कपाळावरचा घाम पापणीवर आला, तो तिनं खांद्यानं टिपला. पांढरं पॉलिश विरत विरत धुक्यासारखं झालं. खाली ती रोजची जागा होती, आणि तिच्या मनगटाला वाटत होतं की ती जागाही खालून मशीन थोडंसं वर ढकलतेय.

“बस.”

तिनं मशीन बंद केलं. सतार लगेच बंद झाली नाही.

उस्तादांनी मऊ फडकं तिच्या हातात दिलं. तिनं पॉलिश पुसलं. हलकेच, एकदाच.

पंजाएवढी जागा. काळी, स्वच्छ, खोल. विहिरीत डोकावल्यासारखी. उस्तादांनी बॅटरी धरली. पांढरा ठिपका नुसता ठिपका राहिला. त्याच्याभोवती काही नव्हतं.

“गेले!” शाल्मली म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. “चाचा, गेले!”

“कुठं?”

“म्हणजे?”

“ओरखडा म्हणजे काय? उंचवटा का खड्डा?”

“...खड्डा.”

“खड्डा कुठं जातो?”

व्हिडिओत हे कुणी विचारलं नव्हतं.

उस्तादांनी तिचं बोट धरलं आणि स्वच्छ जागेच्या कडेवरून फिरवलं. बाहेरून आत. बोटाला काहीच कळलं नाही. तरीही ते आत जाताना अंगावर काटा आला.

“ओरखडा काढता येत नाही, बेटी. तो आपल्या जागी असतो. भोवतालचं सगळं घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणायचं, मग तो दिसत नाही.”

“म्हणजे इथं आता...”

“तिचा हात जिथवर पोचला होता, तिथवर तू आलीस.”

सतारीची एक तार अजून बारीक वाजत होती. का, वाजत असल्यासारखी वाटत होती.

शाल्मलीनं मशीन पुन्हा उचललं. संपूर्ण दार करायचं. मग दुसरं. मग टप, बॉनेट, सगळं. गाडीत कुठं म्हणून तो हात राहता कामा नये. तिनं पॅड टेकवलं, बटण दाबलं.

मशीन फिरलं नाही.

उस्ताद भिंतीपाशी उभे होते. प्लग त्यांच्या हातात होता.

“लावा ना!”

ते हलले नाहीत.

“एवढी एकच जागा ठिगळासारखी ठेवून जाऊ? घरी काय सांगू? उद्या रात्री तो येईल. परवा सकाळी सगळे बघतील.”

“बघतील.”

“चाचा, मी मुद्दाम केलंय हे. मला लाज नाही वाटत त्याची.” तिनं मशीन खाली ठेवलं. “चालत्या घरात आले मी. कप कुठं ठेवायचे, पडदे कुठल्या रंगाचे, सगळं आधीच ठरलेलं. कुणी मला काही म्हणत नाही. म्हणावं तरी! एक जागा, पंजाएवढी... तिथं तरी त्यानं हात टेकवताना मी दिसायला नको?”

उस्तादांनी प्लग अलगद खाली ठेवला. ते तिच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्या काळ्या जागेत वाकून बघू लागले. बराच वेळ. कुणी ओळखीचं दिसावं तसे.

शाल्मलीही वाकली. आत तिचा चेहरा होता. कपाळ, कुंकू, नाकावरची चमकी. सगळं लख्ख. तिच्या आरशापेक्षाही लख्ख.

“दिसतेय मी,” ती म्हणाली. तिनं डोळे पुसले. “आता दिसतेय ना मी, चाचा?”

“हो,” उस्ताद म्हणाले. “तिलाही.”