केरबाची चुंबळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मातीवड्याचा घाट कच्चा होता आणि गावात घरं होती ती सगळी कुंभारांची. सुताराचं घर एकच, केरबा मेस्त्रीचं. असं म्हणतात, की केरबाचा हात लागला की गाठीचं लाकूडसुद्धा सरळ व्हायचं. पण केरबाचा स्वतःवर भरवसा नव्हता. कुणाचं दार बसवून आला, की ते नीट लागतं ना, हे बघायला दुसऱ्या दिवशी परत जायचा.

गावाचा मिळून एक ट्रक होता. लांब नाकाडाचा, हँडल मारून सुरू करायचा, कुठल्याशा जुन्या लढाईतून आलेला. त्यातून मडकी घाट उतरून बाजाराला जायची. त्याचा मागचा लाकडी पाट कुजला, खालचा रस्ता दिसू लागला, तेव्हा गावानं बाभळीच्या फळ्या आणल्या आणि काम केरबावर सोपवलं. केरबानं जीव ओतला. फळीला फळी अशी भिडवली, की मधून मुंगी जाऊ नये. लोखंडी सांगाड्याला बोल्टांनी पाट असा आवळला, की तसूभर हलू नये.

पहिल्याच खेपेला निम्मी मडकी फुटली.

"मेस्त्री, फळ्या नाही हलल्या तुझ्या," इमाम ड्रायव्हर म्हणाला. "सगळे दणके मडक्यांनी खाल्ले."

कुंभारांनी ठरवलं, आता एकच भट्टी लावायची. तोही माल फुटला, तर गाव सोडून वीटभट्ट्यांवर जायचं. गावातली थोरली हौसाक्का केरबाला म्हणाली, "तुझ्या हातानं बिघडलंय, तूच निस्तर. दुसरा मेस्त्री आणू कुठनं?"

केरबाला अन्न गोड लागेना. विहिरीच्या वाटेवर तो नुसता बसून राही. एकदा हौसाक्काची सून डोक्यावर दोन घागरी घेऊन चढ चढत होती. तिला ठेच लागली. घागरी डुलल्या आणि पुन्हा जागच्या जागी बसल्या. केरबा ताडकन उठला.

"सूनबाई, ती डोक्यावरची चुंबळ दे बघू."

"आणि घागरी काय तुमच्या डोक्यावर ठेवू?"

"ठेव."

तिनं खरंच ठेवल्या. कापडाच्या त्या वेटोळ्यावर घागरी घेऊन केरबा मुद्दाम ठेचा खात गावभर फिरला. पोरं मागं लागली, "मेस्त्री येडा झाला!"

मग त्यानं सगळे बोल्ट काढले. काथ्याचे जाड दोर वळून सुपाएवढ्या चुंबळी केल्या, त्या सांगाड्यावर मांडल्या, वर पाट ठेवला आणि दोरांनीच बांधला.

"ट्रकाला चुंबळ! आता लुगडंबी नेसवा!" गाव हसलं.

"हसून झालं असंल तर भट्टी पेटवा," हौसाक्का म्हणाली.

माल भरला तेव्हा केरबा मडक्यांतच जाऊन बसला. पहिल्या वळणावर पाट डुलला, पाणी आणणाऱ्या बाईसारखा. केरबानं डोळे मिटले ते बाजारातच उघडले. असं म्हणतात, की एका मडक्याचा टवकासुद्धा उडाला नव्हता. सगळ्यात मोठ्या रांजणात एक मांजर झोपलं होतं, ते मासळीच्या वासानं जागं झालं आणि आळस देत बाहेर आलं. तरी केरबाला पटेना. त्यानं एकेक मडकं बोटानं वाजवून पाहिलं. सगळी खणखणीत वाजली, तेव्हा तो इमामला म्हणाला, "भाकरी हाय काय रं? लई भूक लागलीय."

मातीवड्याची भट्टी त्यानंतर विझली नाही.

आता घाट डांबरी आहे, केरबा नाही, तो ट्रकही नाही. पण गावात नवी गाडी आली, की नारळाच्या आधी गावातली थोरली बाई तिच्यावर चुंबळ ठेवते आणि म्हणते, "केरबा, संभाळून ने रं बाबा." आणि माल घेऊन घाट उतरलेला माणूस कितीही भुकेला असो, आधी एकेक मडकं वाजवून बघतो. सगळी वाजली, की मगच भाकरी सोडतो.