देवानं मानलं

फार मागची गोष्ट. माळावरच्या म्हसोबाच्या गावात एक रिवाज होता. जत्रेला बोकडाच्या डोक्यावर पाणी ओतायचं. त्यानं अंग झाडलं की देवानं मानला, मग संध्याकाळी पंगत. नाही झाडलं तर बोकड सोडून द्यायचा.

त्या वर्षी पाळी कबऱ्या बोकडाची होती. पाटलांचा कोंबडा त्याचा जिवाचा सोबती, दिवसभर त्याच्याच पाठीवर बसलेला. तो म्हणाला, "गड्या, पाणी गार असतं, एवढंच. तू नुसता दगड हो. देव स्वतःच दगड आहे, त्याला राग यायचा नाही."

जत्रेदिवशी पाटलांनी तांब्या ओतला. पाणी कबऱ्याच्या कानात गेलं, पापण्यांवरून ओघळलं. तो हलला नाही. दुसरा तांब्या झाला, तिसराही झाला. तिकडे चुलीवर आधण उकळत होतं, मसाला वाटून तयार होता, पाहुणे येऊन बसले होते.

शेवटी पाटील म्हणाले, "देवाच्या मनात नाही. सोडा त्याला."

दावं सुटलं. कुंपणावर बसलेल्या कोंबड्याला आनंद आवरेना. त्यानं दोन्ही पंख पसरले आणि जोरजोरात फडफडवले.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"त्यानं झाडलं की अंग," पाटलीणबाई हळूच म्हणाल्या. "देवाला यंदा कोंबडा हवा असेल."

"मानला," म्हणत पाटलांनी हात जोडले.

तेव्हा कुठं कबऱ्याचं सर्वांग थरथरलं आणि अंगावरचं पाणी चहूकडे उडालं. पण आता त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.