कापूर गेला कुठे?

त्या दिवशी धुकं पडलं होतं. दाट दाट. पांढरं पांढरं. अंगणातली तुळससुद्धा दिसेना.

लाकडांच्या ढिगाशी चिंगू उंदीर उभा. एवढुस्सा. ढिगात दोन बिळं. एकात आई. दुसऱ्यात मुंगूस! कुठलं कुणाचं? चिंगू रोज हुंगून ओळखायचा. आज त्याला सर्दी. नाक बंद. वासच हरवला!

गोदाकाकू सर्दी झाली की कापूर हुंगायच्या. चिंगूने पाहिलं होतं. तो निघाला. तुरूतुरू, तुरूतुरू. थेट फडताळात.

"कापरा कापरा, ये ना! नाक उघडेना, आई सापडेना."

डबीतून कापूर म्हणाला, "आरतीला मी. शालींना कसर लागू नये, म्हणूनही मीच. तुझ्याकडेही येईन. पण मिरी सोडेल तर!"

"मिरी मिरी, सोड ना! कापूर येईना, नाक उघडेना, आई सापडेना."

मिरी डबीतच बसलेली. काळी काळी, गोल गोल. म्हणाली, "सोडलं की हा उडतो, बाबा! ना पंख, ना पाय. काकूंनी मला राखणीला बसवलंय. काकू म्हणतील तर सोडीन."

तुरूतुरू, तुरूतुरू.

"काकू काकू, सांगा ना! मिरी सोडेना, कापूर येईना, नाक उघडेना, आई सापडेना."

"अगोबाई! उंदराला सर्दी?" काकू हसल्या. "पण बोटं गारठलीत रे. डबीचं झाकण निघेना. ऊन पडेल तर उघडीन."

तुरूतुरू, तुरूतुरू.

"उन्हा उन्हा, पड ना! झाकण निघेना, मिरी सोडेना, कापूर येईना, नाक उघडेना, आई सापडेना."

"वाटेत धुकं बसलंय. ते सरकेल तर पडेन."

"धुक्या धुक्या, सरक ना! ऊन पडेना, झाकण निघेना, मिरी सोडेना, कापूर येईना, नाक उघडेना, आई सापडेना."

धुकं पेंगत होतं. म्हणालं, "फुंकशील तर सरकेन."

केवढं धुकं! केवढासा चिंगू! त्याने फुंकलं. फू. काहीच नाही. नाक मात्र हुळहुळलं. आ... आ... आऽऽक्छी!

धुकं दचकलं!

मग काय! धुकं सरकलं, ऊन पडलं, बोटं शेकली, झाकण निघालं, मिरीने सोडलं, कापूर आला!

काकूंनी राईएवढा खडा उन्हात ठेवला. पांढराशुभ्र. चिंगू बघतच राहिला. खडा लहान झाला. अजून लहान. आणि... नाहीच! सांडला नाही. वितळला नाही. नुसता नाही!

सूं सूं. अरे, नाक उघडलं! चिंगू पळाला लाकडांच्या ढिगाशी. सूं सूं. हे बीळ मुंगसाचं. आणि हे... आईचं!

तुरूतुरू, तुरूतुरू. चिंगू आईच्या कुशीत.

डोळे मात्र अजून मोठे. "आई, कापूर गेला कुठे?"

शेजारची चिचुंद्रीमावशी डोकावली. म्हणाली, "गेला कुठे? सगळीकडे आहे रे बाळा! हुंग बघू."