तव्यावरचा सॅमन, ओंजळीतलं पाणी

"…कासमचाचा शिकवतो गो, नाही म्हणत नाही. पण शिकणाऱ्याचे आधी हात बांधतो म्हणे! आणि मग ज्याच्यासाठी रांधलं, तो माणूस घर सोडून…"

तेवढ्यात गिरणीचा पट्टा फिरला. पुढचं सगळं पिठात गेलं.

मालिनीबाई भाटकर तांदळाचा डबा कडेवर घेऊन रांगेत मागे उभ्या होत्या. बोलणाऱ्या दोघी पाठमोऱ्या. पुढचं विचारायचं, तर आपण कान लावून ऐकत होतो हे कबूल करणं आलं. ते मालिनीबाईंना कसं जमावं? बंदरावर खानावळ चालवणारी बाई. तिच्या तळलेल्या सुरमईपायी एसटीचा ड्रायव्हर गाडी उभी ठेवून जेवतो, आणि प्रवासी बोंब मारत बसतात.

म्हणून त्या गप्प राहिल्या. पण ते अर्धं वाक्य घरी घेऊनच आल्या.

घर सोडून… काय? घर सोडून जात नाही, असंच असणार. दुसरं काय असणार?

त्याचं असं झालं होतं. मुलगा, सुमेध, नॉर्वेहून आला होता. कितीतरी वर्षांनी. येताना बर्फात गुंडाळून तिकडचा सॅमन मासा घेऊन आला. केशरी रंगाचा, लोण्यासारखा मऊ. "आई, हा मी तिकडे रोज करतो. घासाएवढे तुकडे, तव्यावर टाकायचे. पाच मिनिटांचं काम."

"सर बाजूला," मालिनीबाई म्हणाल्या. "मला शिकवतोस?"

आणि केलं सगळं सुरमईसारखं. कोकमाचं आगळ लावलं, वाटण लावलं, तांदळाचं पीठ घोळवलं, तेल सोडलं. मग उलथन्याने इकडून बघ, तिकडून बघ. माशाचा झाला भुगा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भुगा.

सुमेध ओरडला असता तरी चाललं असतं. तो फक्त म्हणाला, "राहू दे गं आई. तुझी सुरमईच बरी."

राहू दे! हा शब्द मालिनीबाईंना आयुष्यात कुणी ऐकवला नव्हता.

फ्रीजमध्ये आता त्या माशाचं एकच पाकीट उरलं होतं. सुमेध परवा पहाटे निघणार होता. आणि आळीतल्या भिंतींनासुद्धा ठाऊक होतं की त्याने जाऊ नये एवढंच बाईच्या मनात आहे. तोंडाने मात्र ती बोलणार नाही. ताटातूनच बोलेल.

बाईंनी पाकीट पिशवीत टाकलं आणि खाडीकाठच्या दर्ग्याची वाट धरली.

कासमचाचा परकार ऐन उमेदीत जहाजावर स्वयंपाकी होते. थंड मुलखातल्या बंदरांत हा मासा त्यांनी ढिगाने रांधलेला. आता दर्ग्याचं अंगण झाडत आणि मागच्या खोलीत एकटे राहत. कमी बोलत. त्यामुळे लोक त्यांच्या वतीने भरपूर बोलत.

"काय शिकायचंय, बाय?"

"पाच मिनिटांचा मासा."

"मग शिकायला काय आहे त्यात?"

"तेच विचारायला आले."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. मग दारातून बाजूला झाले.

खोलीत एक शेगडी, बिडाचा तवा, पाण्याचा माठ. खुंटीला सुंभाची दोरी टांगलेली. मालिनीबाईंची नजर त्या दोरीवर गेली आणि तिथंच राहिली.

घाबरल्या का? घाबरल्या असतीलही. पण ठरवून आलेली बाई ती. दोन्ही मनगटं जुळवून तिने पुढे केली.

"बांधा."

"काय?"

"हात. काय ते एकदाचं करून टाका. शिकल्याशिवाय मी काही इथून हलत नाही."

चाचा दोरीकडे बघून एवढे हसले की त्यांना खोकला आला.

"अगो, ती विहिरीची दोरी आहे. मासा काढ."

पाकीट उघडलं. चाचांनी सुरीने माशाचे दोन भाग केले.

"अर्धा इथं. अर्धा घरी."

"आणि इथला बिघडला तर?"

"तर घरी अर्धाच बिघडवशील."

असला गुरू. मालिनीबाईंनी ओठ आवळले आणि तुकडे कापायला घेतले. घासाएवढे, एकसारखे. सुरी चालवण्यात बाईला तोड नव्हती. चाचांनी मान हलवली, तेवढंच.

मग बाईंनी पिशवीतून वाटणाची डबी काढली.

"ती कशाला?"

"वाटणाशिवाय मासा?"

"तुझं वाटण सगळ्या बंदराला ठाऊक आहे. हा मासा कुणाला ठाऊक आहे?"

डबी परत पिशवीत गेली. कशी गेली ते बाईलाच माहीत.

तुकडे फडक्याने टिपून कोरडे केले. मीठ, हळद, मिरपूड. तवा तापला. चमचाभर तेल. चाचा म्हणाले, "ठेव."

चर्र…

आणि त्याच क्षणी मालिनीबाईंचा हात उलथन्याकडे गेला. हाताची चूक नव्हती. इतकी वर्षं तो तिकडेच जात आला होता.

"ओंजळ कर," चाचा म्हणाले.

"आता?"

"आताच."

तिने ओंजळ केली. चाचांनी माठातून तांब्या भरला आणि तिच्या ओंजळीत काठोकाठ पाणी ओतलं.

"सांडायचं नाही."

"अहो, पण मासा!"

"तो कुठं पळतोय?"

मालिनीबाई शेगडीसमोर उभ्या. दोन्ही हात गुंतलेले. बोटं घट्ट जुळवली, तरी फटीतून एक थेंब जमिनीवर पडला. मग दुसरा.

तवा चरचरत होता. वास बदलला.

"चाचा, करपतोय."

"पाणी आहे?"

"आहे."

"मग थांब."

"थांब काय! माझ्या नाकाला कळतंय, लागतोय तो खाली!"

"लागू दे. लागल्याशिवाय सुटायचा कसा?"

बाई चडफडली. पण ओंजळ सोडली नाही. आणि हात रिकामे नाहीत म्हटल्यावर करणार काय? बघत राहिली. तेव्हा तिला दिसलं. तुकड्याच्या बुडाकडून फिकट रंग वर चढत होता. सावकाश, भरतीचं पाणी पायऱ्या चढतं तसा. आजवर इतके मासे तळले, पण मासा शिजताना तिने कधी पाहिला नव्हता. ती आपली उलटवत होती.

थेंब… थेंब… आणि ओंजळ रिकामी झाली.

"आता," चाचा म्हणाले.

उलथनं लावायची गरजच पडली नाही. तवा जरा हलवला आणि तुकडे आपोआप सुटून सरकले. खालची बाजू खरपूस, अख्खी.

"दुसऱ्या बाजूला?"

"अर्धी ओंजळ."

मालिनीबाईंनी एक तुकडा चाचांना दिला, एक स्वतः तोंडात टाकला. बाहेर खाडीवर होडीचं इंजिन फटफटत गेलं.

"चाचा… लोक म्हणतात…"

"काय म्हणतात?"

पुढचं वाक्य तिच्याकडे तरी कुठं पुरतं होतं?

"काही नाही. येते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुमेधची बॅग भरून दाराशी ठेवलेली. मालिनीबाईंनी तवा चढवला. तो मागे येऊन उभा राहिला.

"आई, परत कशाला? राहू…"

"तोंड उघडलंस तर बघ."

तुकडे तव्यावर पडले. आईचे हात कमरेवर. सुमेध वाट पाहून पाहून कासावीस झाला.

"उलटव ना. अगं, करपेल!" आणि त्याने उलथनं उचललं.

मायलेकांचे हात अगदी एका वळणाचे, दुसरं काय?

"ओंजळ कर."

"काय?"

"कर म्हणते ना."

त्याने उलथनं ठेवून ओंजळ केली. लहानपणी देवळात तीर्थाला करायचा तशी, डोकं जरा वाकवून. तिने पाणी ओतलं. तो हसायला लागला. मग हसायचा थांबला. दोघं तव्याकडे बघत उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. कितीतरी वर्षांत ती दोघं अशी काही न करता उभी राहिली नव्हती.

त्याच्या बोटांतून शेवटचा थेंब पडला. तिने तवा हलवला. तुकडे सुटले.

सुमेध पाटावर बसून जेवला. पहिल्या तुकड्याला थांबला. ताटात बघत म्हणाला, "तिकडे माझे असे होत नाहीत."

एवढंच. मालिनीबाईंनी पाठ फिरवून उगीचच गॅस पुसला.

जाऊ नको, हे शब्द ओठांवर आले होते. आता बोलेन, मग बोलेन. तवाही पुसून झाला…

पहाटेच्या गाडीने सुमेध गेला.

दोन दिवसांनी गिरणीत त्याच दोघी. या वेळी मालिनीबाई सरळ पुढे झाल्या. "त्या दिवशी काय म्हणत होतीस गो? कासमचाचाचं?"

"ते होय? हात बांधतो म्हणे. आणि ज्याच्यासाठी रांधलं, तो माणूस मग घर सोडून जातच नाही. खरं का हो? तुम्ही गेला होतात ना?"

बाईंनी डबा खाली ठेवला. "हात बांधतो. ते खरं."

"आणि दुसरं?"

मालिनीबाई डबा तिथंच टाकून निघाल्या, त्या थेट दर्ग्यात.

चाचा अंगण झाडत होते.

"तो गेला, चाचा."

केरसुणी थांबली.

"खाल्लंन?"

"ताट पुसून खाल्लंन. तरी गेला." तिचा आवाज चढला. "लोक म्हणतात ते अर्धंच खरं निघालं. तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं मी. उलथन्याला हात लावला नाही. एक शब्द बोलले नाही!"

चाचांनी तिच्या हातांकडे पाहिलं.

"त्या दिवशी इथं ओंजळ घट्ट धरली होतीस?"

"जीव खाऊन धरली होती."

"पाणी राहिलं?"

"…नाही. गेलं."

चाचा पुन्हा झाडायला लागले. दोन हात मारले, आणि मान वर न करताच म्हणाले,

"पण मासा झाला ना, बाय?"