आठ पाकळ्यांचा शाप

एका राज्यात, जिथे अर्धी प्रजा जमिनीवर आणि अर्धी लाटांवर राहत असे, वज्रनाभ नावाचा राजा होता. महालाच्या शोभेसाठी त्याने समुद्रतळीच्या मांत्रिकाच्या बागेतले मऊ पोवळे उपटले. वर येता येता ते मेले. मांत्रिक म्हणाला, "आता त्याच्या जागी तू उभा राहा." राजाची हाडे विरघळली, पाय समुद्रतळीच्या खडकाला चिकटले. अंगभर पांढरी फुले उमलली, प्रत्येकाला आठ पाकळ्या.

राणी वेत्रवती किनाऱ्यावर धावली. खडकावर एक पाणकावळा पंख वाळवीत होता. चोचीतला खडा तिच्यापुढे टाकून तो म्हणाला,

"राणी, हा खडा जिभेखाली धर, पाण्यात श्वास अडणार नाही. शाप सुटायला तीन गोष्टी पाळ. त्याला ओढू नकोस. खरवडू नकोस. सोडून जाऊ नकोस."

"किती दिवस?"

"ते मला ठाऊक नाही."

राणी तळाशी उतरली. प्रवाह आला की राजा डुले, वाहत आलेले कण पाकळ्यांनी टिपून खाई. एकदा लाट अशी आली की तो मुळातून सुटेलसे वाटले. राणीचे हात पुढे झाले. तिने ते पाठीमागे बांधले.

मग एके दिवशी सारी फुले मिटली. राजा आक्रसला, त्याच्यावर तांबूस बुळबुळीत थर चढला. राणीच्या मनात आले, हा गेला. मी प्रेताशी बसले आहे. एक नख लावून पाहावे? नख थराशी नेऊन तिने मूठ आवळली.

त्यातच पाणकावळा सूर मारून आला. "शत्रू वेशीशी आला आहे. सेनापती विचारतो, राणी कुठे?"

राणीने राजाकडे पाहिले. काहीच हलत नव्हते.

"त्याला सांग, वेशीची दारे लावून घे. मी हलत नाही."

आणखी सात दिवस गेले. आठव्या दिवशी थर फाटला, कातीसारखा गळून पडला. एक फूल उमलले, मग शंभर, आणि त्यांतून राजा उभा राहिला.

"खरवडले असतेस तर मी मेलो असतो," तो म्हणाला. "इतका धीर कुठून आणलास?"

"धीर नव्हता, महाराज. मनाने रोज निघत होते. पाऊल उचलत नव्हते."

राजा तटावर दिसताच शत्रू माघारी फिरला. समुद्रतळीचे काही उपटायचे नाही, अशी दवंडी पिटली गेली. राज्य सुखी झाले.

राणी मात्र कित्येक महिने भर दरबारात राजाकडे वळून वळून पाही. तो जरा हलला, की मग पुढचे बोले.