मोहरेवरचा छेद

रायमळच्या गंभीरराव महाराजांनी हैबती कुंभाराला दरबारात उभं केलं आणि सांगितलं, की त्यानं दिलेली मोहर उद्या दुपारपर्यंत पाहुण्यांच्या मोहरेपेक्षा सरस ठरली पाहिजे. तेही पाहुण्यांच्याच तोंडून. नाही ठरली, तर नदीकाठच्या मातीला त्यानं पुन्हा हात लावायचा नाही.

ही मोहर हैबतीला वर्षभरापूर्वी माती खणताना सापडली होती. एका बाजूला उगवता सूर्य, दुसऱ्या बाजूला जुन्या राजाचं नाव. महाराजांना जुन्या नाण्यांचा भारी नाद. हैबतीनं मोहर आणून दिली तेव्हा ते इतके खूश झाले, की नदीकाठची चिकणमाती त्यांनी त्याला फुकट लावून दिली. हैबतीचं चाक त्या मातीवरच फिरत होतं.

घोटाळा केला तो देवझरीच्या मकरंदराव राजांनी. तेही नाण्यांचे शौकीन. पाहुणे म्हणून आले आणि येताना अगदी तशीच मोहर घेऊन आले. दोन्ही मोहरा शेजारी ठेवल्या गेल्या. मकरंदरावांची मोहर कालच टाकसाळीतून निघाल्यासारखी लखलखीत होती. गंभीररावांच्या मोहरेवर मात्र एक बारीक छेद होता, आणि तोही नेमका सूर्यावरून गेलेला.

मकरंदराव गालात हसत म्हणाले, "मागच्या बाजूला असता तर चाललं असतं, गंभीरराव. पाठीवरचा व्रण सदऱ्याखाली झाकता येतो. तोंडावरचा कुठं झाकणार?"

महाराजांना ते फार झोंबलं. त्यांनी राजवाड्यातल्या विठू सोनाराला बोलावून छेद घासून काढायला सांगितलं. सोनारानं हात जोडले. घासली तर छेद जाईल, पण त्याबरोबर सूर्याची किरणंही जातील, आणि घासलेल्या नाण्याला जाणकार हातसुद्धा लावत नाहीत, असं तो म्हणाला. मग सगळा राग हैबतीवर निघाला.

हैबती घरी आला तो डोक्याला हात लावूनच बसला. त्याची मुलगी सगुणा ओली गाडगी उन्हात मांडत होती. बाजारात मडकी विकायला तीच बसायची, आणि घासाघीस करणाऱ्या बायकांना तिच्यापुढं नमतं घ्यावं लागायचं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आबा, तो छेद तुमच्या कुदळीचा तर नव्हं?"

"छे गं. मोहर निघाली तवाच त्या छेदात माती घट्ट बसली होती. लई जुना छेद हाय."

सगुणा हात धुऊन थेट विठू सोनाराकडं गेली. असा छेद कोण कशाला पाडेल, एवढंच तिनं विचारलं. सोनार म्हणाला, की पूर्वी सराफ मुद्दाम पाडायचे. वरून सोन्याचा मुलामा आणि पोटात तांबं, अशी खोटी नाणी फार निघायची. छेद दिला की पोटातलं दिसायचं. सगुणेनं त्याला उद्या छिन्नी घेऊन दरबारात यायला सांगितलं आणि ती घरी परतली. त्या रात्री ती स्वस्थ झोपली. हैबतीच्या डोळ्याला मात्र डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मोहरा चौरंगावर मांडल्या होत्या. हैबतीला मागं ठेवून सगुणाच पुढं झाली. तिनं मकरंदरावांना मुजरा केला आणि विचारलं, "महाराज, आपली मोहर कशाची?"

"सोन्याची. दिसत नाही का?"

"वरून दिसतंय. पोटात काय आहे?"

दरबारात कुजबुज झाली. मकरंदरावांच्या भुवया वर गेल्या. मोहर आमच्या आजोबांपासून खजिन्यात आहे, ती खोटी कशी असेल, असं ते म्हणाले.

"खोटी आहे असं मी कुठं म्हणते? बाजारात बायका मडकं घेताना टिचकी मारून बघतात. मडकं फुटकं असतं म्हणून नव्हे, ते धड आहे हे कळावं म्हणून. आमच्या मोहरेला कुणीतरी टिचकी मारली, त्याची ही खूण. आत बघा, सोनंच आहे. आपल्या मोहरेला अजून कुणी टिचकी मारलेली नाही. सोनारकाका छिन्नी घेऊन आलेत. एकच छेद द्यायचा."

सोनार पुढं सरकला. मकरंदरावांनी झटकन मोहर उचलून मुठीत धरली.

"कसोटीच्या दगडावर घासून बघा," ते म्हणाले.

सोनारानं मान हलवली. "कसोटी वरचं सोनं सांगते महाराज, पोटातलं नाही. शिवाय घासल्याची खूण राहीलच."

मकरंदराव मुठीकडं बघत राहिले. मग सगुणेला म्हणाले, "समज, छेद दिला आणि आत सोनं निघालं. मग?"

"मग ती आमच्या मोहरेसारखी होईल."

"आणि तांबं निघालं तर?"

"मग तेवढीही राहणार नाही."

"आणि छेद दिलाच नाही तर?"

"तर एक मोहर सोन्याची आहे हे सगळ्यांना दिसतंय, आणि दुसरी सोन्याची आहे असं महाराज म्हणताहेत," सगुणा म्हणाली. "आता सरस कुठली, ते आपणच सांगावं."

मकरंदरावांचे खांदे गदगदले आणि ते मोठ्यानं हसू लागले. हसता हसता त्यांनी मोहर कमरेच्या थैलीत खोल सारली.

"गंभीरराव, तुमची मोहर सरस! हजारदा सरस! पण आधी त्या सोनाराला छिन्नी घेऊन लांब बसवा."

आता गंभीररावांनाही हसू आवरेना. त्यांनी नदीकाठची माती हैबतीच्या नावे वंशपरंपरेनं लिहून दिली आणि सगुणेला आपल्या हातानं जरीकाठी लुगडं दिलं. मकरंदरावांनी बोटातली अंगठी काढून तिच्या पुढं धरली.

सगुणेनं ती घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि सोनाराकडं वळून बघितलं.

"अगं, सोन्याचीच आहे ती!" मकरंदराव ओरडले, आणि सगळा दरबार पोट धरधरून हसला.